जगन्नाथरावांचा छोटा बॉयलर

दतिया गेटाच्या आत गल्ली एवढी अरुंद होते की दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकाला पाय टेकून मागे सरकावं लागतं. तिथे जगन्नाथ बऱ्हाटे यांचं दोन खोल्यांचं घर आहे. मागे अंगण, अंगणात नळ, नळाशेजारी कढीपत्त्याचं झाड, आणि त्यापलीकडे शेजारच्या अशोक साहूच्या घराची छातीइतकी भिंत. जगन्नाथरावांचे वडील रेल्वेच्या नोकरीवर भुसावळहून झाशीला आले आणि इथलेच झाले. जगन्नाथराव इथे जन्मले, इथेच लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागले आणि साठ वर्षांचे होऊन इथेच घरी बसले. त्यालाही आता दहा वर्षं झाली. भुसावळ त्यांनी आयुष्यात सात-आठ वेळा पाहिलं असेल, तेही लग्नकार्यापुरतं. तरी कुणी गाव विचारलं की ते भुसावळच सांगतात, आणि सांगतात हिंदीत.

शेडमध्ये त्यांचं नाव होतं ते कानामुळे. वाफेची इंजिनं होती तेव्हाही आणि त्यांच्या जागी डिझेलची आली तेव्हाही. इंजिन शेडमध्ये शिरत असताना जगन्नाथराव हातातला चहा न ठेवता सांगत की डाव्या अंगाचं बेअरिंग कोरडं पडलंय, किंवा आतला वॉल्व्ह नीट बसत नाहीये. साहेब लोक आधी हसले. मग उघडून पाहू लागले. पुढे पुढे उघडण्याआधीच म्हणू लागले, "बराटे से पूछ लो." बऱ्हाटे हे आडनाव तिथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही. चाळीस वर्षं ते बराटेच राहिले आणि त्यांनीही कधी कुणाला सुधारलं नाही, कारण ते नाव घेताना लोकांच्या आवाजात आदर असायचा.

असा हा कान गेला. एका दिवसात गेला नाही. आधी मोबाईलची घंटी गेली, खिशातली थरथर तेवढी उरली, मग कुकरची शिट्टी लांब लांब जात नाहीशी झाली. त्यानंतर माणसांचं बोलणं झिजलं. वाक्याची चाल कळायची, शब्द कळायचे नाहीत. पत्नी कांचनबाई त्याआधी दोन वर्षं वारल्या होत्या, त्यामुळे घरात हाक मारणारं कुणी नव्हतं आणि हाकेला ओ न देणं कुणाच्या ध्यानात येण्याचा प्रश्नही नव्हता.

काय झालंय हे जगन्नाथरावांना पक्कं माहीत होतं. बॉयलरच्या पोटात बसून हातोडे मारलेली माणसं म्हातारपणी अशीच होतात. त्यांना ज्यांनी काम शिकवलं ते रामकृष्ण मिस्त्री असेच झाले होते. मिस्त्रींना किती ऐकू येतं हे पाहायला शेडमधली तरुण पोरं त्यांच्या पाठीमागे उभी राहून घाणेरड्या शिव्या द्यायची. मिस्त्री आपले स्पॅनर पुसत बसायचे. त्या पोरांत सगळ्यात पुढे जगन्नाथ असायचा. म्हणून चार वर्षं झाली, जगन्नाथरावांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. ते समोरच्याच्या ओठांकडे पाहायचे, उरलेलं अंदाजाने भरून काढायचे, आणि अंदाज चुकेल असं वाटलं की "हाँ, ठीक है" म्हणून चालू लागायचे.

होळी होऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि अंगणात ऊन खात वर्तमानपत्र वाचत बसले. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस वाहत राहिला. वास भिंतीपलीकडे अशोकला आला. त्याने हाका मारल्या, दार वाजवलं, शेवटी भिंत ओलांडून आला आणि शेगडी बंद केली. जगन्नाथरावांनी वर पाहिलं तेव्हा अशोक स्वयंपाकघराच्या दारात धापा टाकत उभा होता. त्याने त्यांना काही म्हटलं नाही. त्याने पुण्याला फोन केला, त्यांच्या मुलीला.

कल्याणी तिसऱ्या दिवशी हजर झाली. तिचं काम लॅपटॉपवर कुठूनही व्हायचं, म्हणून ती पंधरा दिवसांसाठी आली, आणि येताना परतीची दोन तिकिटं काढून आली. एक स्वतःचं, एक वडिलांचं.

"बाबा, दूध विसरलात तुम्ही," ती समोर बसून म्हणाली. तिचा आवाज आईसारखाच खणखणीत होता आणि बोलताना तोंड नीट उघडायची सवय होती. तिचं बरंचसं बोलणं त्यांना कळायचं.

"हो, विसरलो," जगन्नाथराव म्हणाले.

या एका शब्दामागे त्यांनी लपायचं ठरवलं. विसरणं कुणालाही होतं, मोठमोठ्या साहेबांनाही होतं. पण बराटेला ऐकू येत नाही, हे शेडमधल्या एकाच्या जरी कानावर गेलं तर चाळीस वर्षांचं नाव एका संध्याकाळी हसण्यावारी जाईल, असं त्यांना वाटलं. विसराळू म्हाताऱ्याला मुली घेऊन जातात, हा पुढचा हिशोब त्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तोवर कल्याणीने त्यांच्या कपड्यांची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती.

पुण्याला जायचं नाही, हे मात्र त्यांचं ठाम होतं. तिथे अकराव्या मजल्यावर खिडकीपाशी बसून राहायचं आणि खालची माणसं मोजायची, हे त्यांनी एकदा आठ दिवस करून पाहिलं होतं.

कल्याणीने सामानात आपलं कॉफीचं भांडं आणलं होतं. वीतभर उंच, आठ पैलूंचं, ॲल्युमिनियमचं, मधे कंबर बारीक. ते ओट्यावर ठेवून ती आंघोळीला गेली. ती बाहेर आली तेव्हा त्या भांड्याचे सगळे भाग धुतलेल्या फडक्यावर ओळीने मांडलेले होते आणि जगन्नाथराव चष्मा कपाळावर चढवून एकेक उचलून पाहत होते.

"खाली पाणी," ते म्हणाले. "मधे पावडरीची चाळणी. वर टाकी. पाणी तापलं की वाफ पाण्याला दाबणार, पाणी नळीतून वर चढणार, पावडरीतून निघून टाकीत पडणार. आणि हे काय आहे ठाऊक आहे?" त्यांनी खालच्या भागाच्या कडेला बसवलेल्या पितळी बोंडावर नख टेकवलं. "सेफ्टी वॉल्व्ह. अगं, हा तर बॉयलर आहे!"

बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला कल्याणी पाहत होती. ती म्हणाली, "मग करा आज तुम्हीच."

आणि जगन्नाथरावांनी फिटर माणूस करेल तीच चूक केली. वाफ कुठे फुटून जाऊ नये म्हणून इंजिनाच्या सांध्यात सुतळीची पॅकिंग ठासतात, तशी त्यांनी चाळणीत कॉफी अंगठ्याने दाबून ठासली. वरून जायफळ किसलं आणि तेही दाबलं. भांडं शेगडीवर ठेवलं. पाणी वर येईना. थोड्या वेळाने पितळी बोंडातून पांढरी रेघ सुटली आणि भिंतीवर ओल उमटली. कल्याणी धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"ठासून भरलीत? बाबा, हलकी भरायची असते, नुसती सपाट करायची! आणि हे वर काय आहे?"

"जायफळ."

"जायफळ कशाला?"

"कॉफीत जायफळ नाही तर काय जिरं घालतात? तुझी आई एकादशीला करायची ती काय होती?"

"ती दुधाची होती. ही वेगळी."

"वेगळी म्हणजे बिघडलेली," जगन्नाथराव म्हणाले. पण वॉल्व्हने आपलं काम वेळेवर केलं याचं त्यांना आतून समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणीने त्यांच्यासमोर एकदा करून दाखवली. मग बसून म्हणाली, "मी वाचलंय की ज्याला नवीन काम पायरी पायरीने शिकता येतं त्याचं डोकं शाबूत असतं. उद्यापासून सात दिवस सकाळची कॉफी तुम्ही करायची, एकट्याने. त्या वेळी माझी मीटिंग असते, मी खोलीत असेन. सात दिवस नीट झाली, गॅस उघडा राहिला नाही, तर मी एकटी परत जाते आणि पुन्हा विषय काढत नाही. नाहीतर शनिवारी तुम्ही माझ्याबरोबर."

"उतरवायची केव्हा?"

"ते भांडंच सांगतं. आधी गुपचूप वर येते. शेवटी शेवटी खुळखुळ आवाज येतो. तो आला की लगेच उतरवायची. नाहीतर जळते, तोंडात घेववत नाही." मग ती हसली. "तुम्हाला काय अवघड आहे? तुम्ही तर इंजिनं ओळखायचात."

"सोपं आहे," जगन्नाथराव म्हणाले.

त्या दुपारी ते बडा बाजारात जाऊन जाड तारेची जाळी घेऊन आले, कारण शेगडीच्या पायांवर ते चिमुकलं भांडं डगमगत होतं. जाळी कापून, कडा घासून त्यांनी बेतशीर बैठक केली. त्या कामात त्यांचा हात पूर्वीसारखाच चालला. आवाजाचं काय करायचं, ते मात्र सुचलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी घड्याळ लावलं. कल्याणीने केली तेव्हा सहा मिनिटं लागली होती, म्हणून सहाव्या मिनिटाला उतरवली. ठीक झाली. दुसऱ्या दिवशी सिलिंडर संपत आला असावा. सकाळी आच मंद वाटली म्हणून त्यांनी वाढवली, आणि सहाव्या मिनिटाला उतरवली तोवर टाकीत तपकिरी फेस उडत होता. कल्याणीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"जळली, बाबा."

"एक दिवस झालं."

"एक दिवस सोडला. आता नाही."

तिसऱ्या दिवशी झाकण उघडं ठेवून ते डोळे लावून बसले. वाफेने चष्मा धूसर झाला. पुसून परत लावला, तर उडालेला थेंब नेमका काचेवर येऊन बसला. तो पुसेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती कॉफी त्यांनी मोरीत ओतली, भांडं नळाखाली गार केलं आणि दुसऱ्यांदा मांडली. दुसरी अंदाजाने जमली. कल्याणीने विचारलं, आज उशीर कसा. पाणी गार होतं, ते म्हणाले. पण कॉफीचा डबा दोन दिवसांत किती उतरला हे तिने पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तिने त्यांचे स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवायला सुरुवात केली.

जगन्नाथराव अंगणात पायरीवर जाऊन बसले. शेडमधून निघताना बरोबर आणलेली हत्यारांची पेटी पायरीच्या कोपऱ्यात असायची. हाताला काही चाळा हवा म्हणून त्यांनी ती उघडली. वरच लाकडी मुठीचा, हातभर लांब पेचकस होता. मूठ काळी पडून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. या पेचकसाने त्यांनी स्क्रू कमी आणि बेअरिंगं जास्त तपासली होती. चालत्या यंत्राच्या अंगावर टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटायचे. मग भोवतालचा गोंगाट बाजूला राहतो आणि आतलं लोखंड तेवढं बोलतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. रामकृष्ण मिस्त्री असं करायचे म्हणून तेही करायला लागले होते.

त्या वेळी नळाला पाणी यायची वेळ झाली होती. विशेष काही मनात न आणता त्यांनी पेचकसाचं टोक नळाच्या पाइपावर टेकवलं आणि मूठ कानामागे लावली.

पाणी ऐकू आलं. दूरवरून खड्यांवरून घरंगळत यावं तसं आधी, मग जवळ, मग थेट कवटीच्या आत. चार वर्षांत त्यांनी पाणी ऐकलं नव्हतं. ते तसेच वाकून पाइपाला लागून राहिले. नळाखालची बादली भरली, वाहू लागली, पाणी पायरीपर्यंत आलं आणि त्यांच्या धोतराचा काठ भिजला, तरी त्यांनी मूठ काढली नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पाणी वॉल्व्हच्या खाली राहील इतकं भरलं, कॉफी हलकी भरली, सांधा हाताने घट्ट आवळला, भांडं जाळीवर ठेवून आच बारीक केली. मग पेचकसाचं टोक भांड्याच्या खालच्या पोटाला टेकवून ते ओट्यावर ओणवे झाले. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग तळाशी बारीक चरचर सुरू झाली, पाण्याला घाम फुटल्यासारखी. ती वाढत वाढत एकसारखी घरघर झाली, रात्रपाळीला दूरच्या यार्डात उभ्या इंजिनाची यायची तशी. मग घरघर दबली आणि काहीतरी जड, दाट, संथ वर सरकू लागलं. कॉफी चढत होती. जगन्नाथराव वाट पाहत राहिले. त्या दाट सरकण्यात पहिली भेग पडली, तिच्यातून हवेचा एक बुडबुडा निघाला, आणि त्यांनी भांडं उचललं.

कल्याणीने घोट घेतला. पुन्हा घेतला. "आज जमली," ती म्हणाली.

"बॉयलर लहान असला तरी बॉयलरच," जगन्नाथराव म्हणाले.

पाचवा दिवस आणि सहावा दिवस असाच गेला. या दोन दिवसांत, कल्याणी खोलीत असली की ते पेचकस घेऊन घरभर फिरले. फ्रिज ऐकला. पंख्याची नळी ऐकली आणि पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय हे कळून त्यात तेल घातलं. अशोकच्या भिंतीला टोक लावलं तर पलीकडे त्याच्या घरची पिठाची चक्की चालू होती. कढीपत्त्याच्या खोडालाही लावून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

सातव्या दिवशी कल्याणीची मीटिंग झालीच नाही.

जगन्नाथरावांनी भांडं उतरवलं, गॅस बंद केला, पेचकस ओट्यावर ठेवला आणि वळले. लोटलेलं दार उघडं होतं आणि कल्याणी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिचे ओठ नुकतेच मिटल्यासारखे होते. ती तिथे किती वेळ उभी होती आणि काय करत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं.

"किती हाका मारल्यास?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा," ती म्हणाली. "शेवटची तर ओरडूनच मारली."

त्यांनी कॉफी कपात ओतली आणि कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही.

"ऐकू येत नाही तुम्हाला?"

"हाडातून येतं."

"केव्हापासून?"

"झाली चार वर्षं."

कल्याणी ओट्याला टेकली. तिचा राग असा असायचा की आधी आवाज खाली जायचा. आवाज खाली गेला तेव्हा त्यांना काहीच कळेना, आणि हे तिच्याही लक्षात आलं. तिने त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"मला डेंग्यू झाला होता. मी दवाखान्यातून तुम्हाला फोन केला. म्हटलं, बाबा, मला ॲडमिट केलंय. तुम्ही म्हणालात, छान छान, ठेवतो मग. आठवतं?"

जगन्नाथरावांना आठवत नव्हतं. असे 'छान छान' त्यांनी कितीतरी वेळा म्हटले होते.

"मला वाटलं, आई गेली आणि आता तुम्हाला कुणाशीच काही घेणंदेणं उरलं नाही. मी महिना महिना फोन करेनाशी झाले, ते कशामुळे?"

"मला वाटलं, तुला काम असेल," ते म्हणाले.

मग तिने डोळे पुसले आणि गार होत आलेली कॉफी एका दमात पिऊन टाकली. ती चांगली झाली होती, पण तिने तसं म्हटलं नाही.

"डोकं शाबूत आहे तुमचं, नको तेवढं शाबूत आहे," ती म्हणाली. "ऐकू न येणारा माणूस एकटा राहू शकतो. पण शेजाऱ्याला ठाऊक हवं. अशोकभैया दार वाजवत बसले तेवढ्या वेळात काय झालं असतं? त्यांना जाऊन सांगा. आजच. सांगितलंत तर मी एकटी जाते. नाहीतर बॅग भरलेली आहे."

"तूच सांग की त्याला."

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर उद्या तुम्ही म्हणाल, पोरगी काहीही बोलते."

हे ते नक्की म्हणाले असते.

तो दिवस त्यांना मोठा गेला. दुपारी एकदा त्यांनी बॅग हातात घेऊन वजन पाहिलं. पुण्याला गेलं तर कुणालाच काही सांगायला नको, तिथे बराटे कोण हे कुणाला ठाऊक आहे! बहिरा आहे म्हटलं तरी तिथे कुणाला काय वाटणार! इथे मात्र अशोकला सांगायचं म्हणजे त्याच्या चक्कीवर येणाऱ्या सगळ्या दतिया गेटाला सांगायचं, आणि त्यांतले चार जण जुने शेडवाले. त्यांनी बॅग खाली ठेवली. पेचकस घेऊन पंखा पुन्हा ऐकला. तेल घातल्यापासून तो नीट चालत होता.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ते अंगणात गेले. पलीकडे अशोक खाटेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होता. पन्नाशीचा, अंगावर पिठाचा पांढरा थर. भिंतीपाशी ते उभे राहिलेले पाहून त्याने भुवया उंचावल्या. काय कक्का, असं त्याने म्हटलं असावं.

"अशोक," जगन्नाथराव म्हणाले, "मुझे सुनाई नहीं देता."

अशोकचा हात थांबला.

"चार साल हो गए. दूध वाले दिन भी नहीं सुना. बिलकुल नहीं सुनाई देता."

हसू येतं का, हे ते त्याच्या तोंडाकडे पाहून शोधत होते. हसू आलं नाही. अशोकने घाटे बाजूला ठेवले आणि तो उठून भिंतीजवळ आला. मग त्याने बोट खाली करून आपल्या पायाखालची जागा दाखवली आणि त्यानंतर तेच बोट अंगणातल्या त्यांच्या वर्तमानपत्राच्या खुर्चीकडे नेलं.

"अम्मा गईं हतीं जौन दिना," तो म्हणाला, आणि त्यांना कळलं नाही असं पाहून पुन्हा म्हणाला, हळू, ओठ ताणून. "अम्मा. इतई ठाड़े होके टेरो हतो तुमें, कक्का."

अशोकची आई दोन वर्षांपूर्वी माघात पहाटे गेली होती. त्या सकाळी त्याने या भिंतीपाशी उभं राहून त्यांना हाक मारली होती. खुर्चीत बसलेल्या जगन्नाथरावांनी पेपरातून मान वर केली नव्हती.

जगन्नाथरावांना त्या दिवसाचं दुसरंच टोक ठाऊक होतं. तिरडी गल्लीच्या वळणाला लागली तेव्हा त्यांनी ती दारातून पाहिली होती. सगळी गल्ली मागे चालली होती आणि आपल्याला कुणी बोलावलं नाही, तीन पिढ्या इथे राहूनही शेवटी आपण बाहेरचे मराठेच, असं वाटून ते दार लावून आत बसले होते. मानाने बोलावलं नाही तिथे जायचं नाही, म्हणून तेराव्यालाही गेले नव्हते. तेव्हापासून भिंतीवरून जेवढ्यास तेवढंच बोलणं राहिलं होतं, आणि याचं कारण अशोकचा स्वभाव बदलला, असं ते धरून चालले होते.

"मैंने सोचा, तुमने बुलाया नहीं," ते म्हणाले.

अशोकने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कळलं नाही.

जगन्नाथराव घरात आले. कल्याणी खिडकीत होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि फोन उघडून एक तिकीट रद्द करत होती. ते तिच्याजवळून पुढे गेले, खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर घातली, आणि भिंत हाताशी असूनही गल्लीला वळसा घालून अशोकच्या पुढच्या दाराने गेले. समाचाराला असं मागच्या बाजूने जात नाहीत. चप्पल उंबऱ्याबाहेर काढली. अशोकने आतून सतरंजी आणून अंथरली. दोघं बसले. अशोकची बायको पाण्याचा तांब्या ठेवून, पदर सारखा करून दाराशी उभी राहिली.

रिवाजाप्रमाणे आधी काही वेळ कुणी बोललं नाही. मग अशोक मोठ्याने काहीतरी बोलू लागला. इतक्या मोठ्याने की दारातली बायको दचकली.

"ज़ोर से नहीं, अशोक," जगन्नाथराव म्हणाले. "सामने बैठ के."

अशोक सरकून त्यांच्या पुढ्यात आला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. आणि मग त्याने आईचं पहिल्यापासून सांगितलं, आदल्या संध्याकाळी तिने काय खायला मागितलं होतं इथपासून. मधला एक शब्द जगन्नाथरावांना समजला नाही. त्यांनी नेहमीची "हाँ, ठीक है" ही अक्षरं तोंडाशी आणली, आणि गिळली.

"क्या माँगा था?" त्यांनी विचारलं. "फिर से बोलो."